हातभर तुकडे

इस्पितळाच्या कापडभांडारात मी एकतीस वर्षं कारकून होतो आणि त्यातली सव्वीस वर्षं मी चादरी फाडल्या. कुणाला हे सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. नियमच तसा होता. चादर विरली, डाग धुऊन निघेना, की तिच्यावर ‘बाद’ असा शिक्का मारायचा आणि भांडाराबाहेर जाण्याआधी तिचे हातभर लांबीच्या आतले तुकडे करायचे. माझ्या आधीच्या काळात म्हणे निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरी खिडक्यांना इस्पितळाच्या शिक्क्याचे पडदे होते. म्हणून हा बंदोबस्त. दर शनिवारी मी कात्रीने काठाला खाच द्यायचो आणि दोन्ही हातांनी ओढायचो. टर्रकन आवाज व्हायचा आणि कापडाची धूळ नाकात जायची. उजवा खांदा तेव्हापासून जो दुखतोय तो आजतागायत.

ते तुकडे ज्या बाईपुढे जाऊन पडायचे तिला सगळे ठिगळबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारासुद्धा तिला ठिगळबाईच म्हणायचा. तेविसाव्या वर्षी ती कामाला लागली. नवरा कामासाठी म्हणून दुसऱ्या शहरात गेला होता आणि त्याने पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. घरी म्हातारी आई. खिडकीशी तिचं शिवणयंत्र होतं आणि खिडकीतून दिसायची ती धुलाईखान्याची वाफ सोडणारी नळी. दिवसभर चादरींना ठिगळं लावायची, उशांच्या खोळी दुरुस्त करायच्या आणि मी फाडलेल्या तुकड्यांची फरशी पुसायची फडकी शिवायची, एवढंच तिचं काम. ती बोलायची कमी. बोलली तर असं बोलायची की समोरच्याने गप्प बसावं.

एका वर्षी रुग्णांचे झगे कमी पडले. मी कापडाची मागणी वर पाठवली, ती ‘उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन खाली आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली. वॉर्डातल्या सिस्टर रोज येऊन माझ्या डोक्यावर मिरे वाटायच्या. मी काय करणार? कापड काही माझ्या पोटातून निघत नव्हतं. अशात एके दिवशी ठिगळबाईने माझ्या टेबलावर काहीतरी आणून ठेवलं.

“हे काय?”

“झगा आहे.”

मी उलगडून पाहिला. माझेच तुकडे. कुठे निळी रेघ, कुठे पिवळट पांढरं, एका खांद्यावर उलटा ‘बाद’. माझं टाळकंच सटकलं.

“तुम्हाला हा शिवायला कुणी सांगितला?”

“कुणी नाही.”

“बाद कापड परत वापरात आणता येत नाही, बाई. नियम आहे.”

“फाडायचा नियम आहे ना साहेब? तुम्ही फाडलंय. जोडू नये असं कुठे लिहिलंय ते दाखवा.”

मी अर्धा तास नियमांचं पुस्तक चाळलं. ती तिथेच उभी, हाताची घडी घालून. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यातच ते आलं नसणार. मी पुस्तक मिटलं आणि कपाळाला आठ्या घालून झगा वॉर्डात जाऊ दिला.

त्या झग्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, खोटं कशाला बोलू. ते कळलं भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या सिस्टरला. हातभर तुकड्यांचा झगा म्हणजे जागोजागी जोड आले. रुग्ण पाठीवर पडून राहतो, शिवण टोचली की कातडी सोलते, म्हणून ठिगळबाईने मोठे तुकडे पाठीला लावले होते आणि सगळे जोड खांद्यांवर, कुशीला, दंडावर आणले होते. आता एवढे जोड यंत्रावर शिवायचे तर दोरा पुरत नव्हता, दोराही मोजूनच मिळायचा. म्हणून तिने निम्मे जोड शिवलेच नव्हते, बंदांनी बांधले होते. बटणं लावायची सोय नव्हती, धुलाईखान्याच्या रुळाखाली बटणांचा चुरा व्हायचा. तेव्हा चादरीचे काठ सोडवून त्यांचेच बंद केले होते. म्हणजे तिच्याजवळ जे जे नव्हतं त्या सगळ्याला वळसे घालत घालत ती तिथवर पोचली होती. परिणाम असा, की झगा कुठेही उघडायचा. दंडाची जखम पाहायची तर दंडाचेच दोन बंद सोडा. छातीला मलम लावायचं तर तेवढंच. हाताला प्लास्टर असेल तर खांद्याचा तुकडाच काढून ठेवा. रुग्णाला हलवायचं नाही, उठवायचं नाही, पूर्ण उघडं करायचं नाही. सिस्टर धापा टाकत खाली आली आणि म्हणाली, “मला असे चाळीस पाहिजेत.” तेव्हा ठिगळबाईने यंत्रावरून मानही वर केली नाही. “मग यांना सांगा, फाडायचा वेग वाढवा,” म्हणाली.

पुढे पाहणीला वरचे अधिकारी आले. कुणीतरी फोटो काढले. छोटा कार्यक्रम झाला आणि एका साहेबांनी अडचणीतून माणसाची कल्पकता कशी फुलते यावर पाऊण तास भाषण केलं. ठिगळबाईला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. ते कार्यालयाने आपल्याच भिंतीवर लावलं, कारण तिच्या घरी नेताना फुटलं तर? तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहून म्हणाली, “यंत्राला तेल वेळेवर मिळालं तर बरं होईल.” आणि खाली बसली.

त्या भाषणाचा मला आजही राग येतो. साहेब म्हणाले ते खोटं होतं असं नाही. अख्खा तागा मिळाला असता तर तिने सगळ्यांसारखा झगा शिवला असता, पाठीमागे उघडा आणि रुग्णाची अब्रू घालवणारा, हे मलाही दिसत होतं. पण भाषण करणाऱ्याला अडचण पाऊण तास असते. हिला ती वीस-पंचवीस वर्षं होती. पांढऱ्यावर पांढरं शिवून तिचे डोळे गेले, यंत्राचं पायडल मारून गुडघे गेले. संध्याकाळी ती कठडा धरून एकेक पायरी उतरायची तेव्हा मी मागून पाहायचो आणि शनिवारी पुन्हा फाडायला बसायचो. एकदाही तिला ‘छान केलंत’ म्हणालो नाही. आपलं काम फाडायचं, असं मी धरून चाललो होतो.

मग एक दिवस काळ बदलला म्हणतात तसा बदलला. तयार झगे बंद पाकिटांतून येऊ लागले, एकदा वापरायचे आणि फेकायचे. फाडायचा नियम गेला. ठिगळबाईकडे उशांच्या खोळींवर वॉर्डाचे क्रमांक शिवायचं काम उरलं. तिच्या निवृत्तीला थोडे महिने होते, मी तिच्या वर्षभर आधीच सुटलो होतो. आणि सुटून सहा महिने होतात न होतात तोच एका सकाळी माझी बायको ओट्याशी उभ्या उभ्या खाली बसली आणि तिची डावी बाजू गेली.

तीन आठवड्यांनी घरी आणली. बोलणं शाबूत होतं, पाय ओढत का होईना चालू लागली. डावा हात मात्र गेला तो गेलाच. नुसता लोंबायचा. मी स्वयंपाक शिकलो, केर काढायला शिकलो, त्याचं काही वाटलं नाही. जड गेलं ते दुसरंच. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने माझ्यासमोर कधी कपडे बदलले नव्हते. दार लावून घ्यायची. तिचा स्वभावच तसा. आता रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला कपडे घालत होतो आणि मी घालत असेपर्यंत ती डोळे मिटून बसायची. हळूहळू ती अंघोळीला टाळाटाळ करू लागली. “आज राहू दे,” म्हणायची. कुणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग घ्यायची. एकेका कपड्यात चार-चार दिवस काढायची.

मीही थकलो होतो. थकलेला माणूस काही देव नसतो. एकदा तिचा तो निर्जीव हात बाहीत जाईना, मी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा बाही जोरात ओढली.

ती डोळे न उघडता म्हणाली, “मी चादर नाही.”

मी तिथेच जमिनीवर बसलो. मग तीच म्हणाली, “अहो, खायला तुम्ही घाला, औषध तुम्ही द्या, काही म्हणणार नाही. एवढं एक मला करता येऊ दे. नाहीतर मला कुणासमोर उभं राहावंसंच वाटत नाही, तुमच्यासमोरसुद्धा.”

दुसऱ्या दिवशी मी बाजारातलं सगळ्यात मऊ कापड घेतलं, फिकट निळं, अख्खं, आणि इस्पितळात ठिगळबाईपुढे नेऊन ठेवलं. सगळं सांगितलं. तिने ऐकलं. कापडावरून हात फिरवला. “ठेवून जा,” म्हणाली.

आठ दिवसांनी गेलो तर कापड होतं तिथेच, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

“वेळ नाही मिळाला का?”

“वेळ काय, दिवसभर क्रमांकच शिवते. पण सुचत नाही साहेब. एवढं मोठं कापड आयुष्यात हातात आलं नाही. याला कुठून धरू?” तिने चष्मा काढून डोळे चोळले. “फाडून द्या.”

“नवं कापड आहे, बाई!”

“माहितीय. फाडा.”

सव्वीस वर्षांत माझा हात कधी अडखळला नव्हता, त्या दिवशी अडखळला. कात्रीने खाच दिली आणि ओढलं. खांद्यातून कळ गेली. मी फाडत होतो तसे ती तुकडे उचलून टेबलावर मांडत होती, सरकवत होती, आणि पाचव्या-सहाव्या तुकड्याला तिच्या चेहऱ्यावर ती जुनी, भांडायला निघाल्यासारखी कळा आली. मला बरं वाटलं. सुटलो आता, असं वाटलं.

गाऊन आठवडाभरात झाला. देखणा होता. खांद्यावर, कुशीला उघडणारा, प्रत्येक जोडाला सुबक बंद. बायकोने तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ कुरवाळला. मग तो घेऊन ती आत गेली आणि दार ढकललं. मी बाहेर खुर्चीवर बसलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी आत गेलो. ती पलंगाच्या कडेला बसली होती. गाऊन एका खांद्यावर, बंदाचं एक टोक दातात, दुसरं उजव्या हातात, आणि तोंड ओलं झालेलं.

“गाठ,” ती म्हणाली. “एका हाताने गाठ बसत नाही हो.”

ही चूक आम्हा दोघांखेरीज कुणी केली नसती. कुठल्याही साध्या शिंप्याने विचारलं असतं, बांधणार कोण? आम्ही नाही विचारलं. आमचे ते शेकडो झगे सिस्टरच्या दोन हातांसाठी होते. आत जो माणूस होता त्याने स्वतः बंद बांधावा हे आमच्या कधी मनातच आलं नाही. लोकांनी वाखाणलं, फोटो काढले, आणि आम्हीही हुरळलो.

मी गाऊन परत नेला आणि ठिगळबाईला सांगितलं. ती रागावली नाही, तिने कारणंही दिली नाहीत. गाऊन हातात धरून नुसती बसून राहिली. मला वाटलं, संपलं. हिने हात टेकले. तिचं वय झालंय, डोळे गेलेत, मी कशाला हिच्या मागे लागलोय? “राहू द्या बाई,” मी म्हणालो. “तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ झालं.” इतक्या वर्षांनी तिला पहिल्यांदा चांगलं म्हटलं ते असं, निरोप दिल्यासारखं.

ती म्हणाली, “तो तिथला काठ द्या इकडे.” मी काठाची लांब पट्टी दिली. तिने आपला डावा हात पोटाशी धरला. “बांधा.”

“काय?”

“हात बांधा माझा. कमरेशी. घट्ट.”

ती तशी अकरा दिवस राहिली. कामावर आणि घरीही. भांडारात लोक डोक्यात फरक पडला म्हणू लागले. तिने एका हाताने भाजी चिरताना बोट कापून घेतलं, केस विंचरायचे सोडून दिले, तीन-तीन दिवस तोच कपडा घातला कारण काढताच येईना. मी मधूनमधून जायचो. ती यंत्रावर बसून उजव्या हाताने कापड पुढे सरकवायची, हनुवटीने दाबून धरायची, आणि तोंडाने पुटपुटत असायची. एकदा मला म्हणाली, “तुमची बायको फार सहन करते हो.”

बंद गेले. त्यांच्या जागी तिने पाच पदरी कापडाच्या कडक जिभा केल्या, टोकाला रुंद. समोरच्या तुकड्याला खाच. जीभ तिरपी करून खाचेत सारायची आणि सरळ करायची, की ती मागे येत नाही. एका हाताला एवढं जमतं. डावी बाही तर बाहीच राहिली नाही. ती पलंगावर सपाट पसरायची, तिच्यावर तो निर्जीव हात उचलून ठेवायचा आणि पाकीट मिटावं तशी वरून मिटायची. आणि कापड पाठीमागून पुढे कोण आणणार, तर त्याच्या खालच्या कोपऱ्यात तिने चिंध्यांचा गोळा शिवला होता. खांद्यावरून भिरकावलं की वजनाने कोपरा आपोआप फिरून कुशीतून हाताशी येतो. मी पाहतच राहिलो. या वेळी म्हणालो, “बाई, छान केलंत.”

“थांबा,” ती म्हणाली. “हे माझ्या बांधलेल्या हाताला जमतंय. माझा हात सोडला की हात आहे. त्यांचा वेगळा. कुठे अडतंय ते मला बघावं लागेल.”

म्हणून ती घरी आली, निवृत्तीच्या चार दिवस आधी, जिने चढून, दर पायरीला थांबत. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. माझ्या बायकोने गाऊन पाहिला, समजून घेतला, आणि ठिगळबाई “घालून दाखवा” म्हणाली तसा तिचा चेहरा आक्रसला.

“कुणासमोर नाही. मी नंतर घालीन.”

“नंतर अडलं तर?”

“तर अडू दे.”

मी मधे पडणार होतो, ठिगळबाईने मला नजरेने गप्प केलं. तिने पिशवीतून दुसरा गाऊन काढला. तसाच, बाद चादरींचा. स्वतःच्या अंगावर अजमावायला शिवलेला. “ठीक आहे,” ती म्हणाली. “मग मी पण बदलते. माझाही हात बांधा. दोघी एकदम. तुम्ही माझ्याकडे बघा, मी तुमच्याकडे बघते. लाजायचं तर दोघींनी लाजू.”

बायको तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेर.”

ठिगळबाईचा हात मीच बांधून दिला आणि बाहेर आलो. आतून कडी लागली. सात महिन्यांत आमच्या घरात आतून कडी लागली नव्हती. मी खुर्चीवर बसलो. हातांचं काय करायचं ते कळेना, तेव्हा ते गुडघ्यांवर ठेवले. आत पलंग करकरला. कुणीतरी धापा टाकत होतं. “हनुवटी लावा, हनुवटी,” असा ठिगळबाईचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग काहीतरी भिंतीवर आपटलं, बहुधा तो चिंध्यांचा गोळा, आणि त्यावर माझी बायको हसली. तो आवाज मी इतक्या दिवसांत विसरलो होतो, आधी वाटलं ती रडतेय. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. माझेच डोळे वाहत होते, पुसायचंही सुचलं नाही.

कडी निघाली. बायको बाहेर आली. गाऊन अंगावर होता, एक जीभ चुकीच्या खाचेत गेल्यामुळे गळा जरासा तिरका झाला होता. घामाने कपाळ भिजलं होतं. मी सवयीने हात पुढे केला, तिने माझ्या हाताकडे नुसतं पाहिलं. मी तो मागे घेतला.

“मी आधी,” ती म्हणाली. “त्या अजून बाहीतच अडकल्यात.”

मी आत जायला निघालो तशी ती दारात आडवी उभी राहिली.

“तुम्ही मधे जाऊ नका. होईल त्यांचं,” ती म्हणाली, आणि पाय ओढत चहा टाकायला गेली.